नळीवरचा पोचा

मुकुंदवाडीच्या रस्त्यावर गॅरेजांची एक रांग आहे. भाद्रपद संपत आला की तिथलं काम वाढतं. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून दारात उभी करायची असते, आणि पोचा पडलेल्या पत्र्यावर झेंडूचा हार बरा दिसत नाही. म्हणून पितृपंधरवड्यातच लोक गाड्या टाकून जातात आणि सकाळी दहापासून हातोडी पडत राहते. बहुतेक कारागीर थेट पोच्याच्या मध्यावर मारतात, आतल्या बाजूनं, जोरात. पत्रा दोन ठोक्यांत बाहेर येतो, पण त्याच्याभोवती बारीक लाटा उठतात. वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला की त्या दिसत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असतं, कारागीर घाईत असतो. दोघांनाही दोष देता येत नाही.

हा आवाज सुरू झाला की दुसरा एक आवाज आठवतो. शहागंजच्या मागच्या एका बोळात, एका हातभर रुंदीच्या दुकानात तो येत असे. इतका हलका, की सायकलची घंटा वाजली तरी बुडून जावा. त्या आवाजाचे दिवसही हेच होते. मधली वर्षं बरीच आहेत.

त्या वर्षी पाऊस वेळेवर थांबला होता. बाजरीची कणसं भरली होती, कापसाची पहिली बोंडं फुटत होती, आणि गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला कळून चुकलं होतं की या मातीतली ही शेवटची बाजरी. पैठणच्या धरणाचं पाणी पुढच्या पावसाळ्यात गोदावरीच्या काठानं वर सरकणार होतं. मोजणीचे दगड वेशीच्याही वर रोवले गेले होते. लोक रागावून झाले होते, अर्ज करून झाले होते. आता घरांचे वाशे आणि तुळया उतरवून नव्या जागी नेणं चाललं होतं. गावात तीन वास होते: उकरलेल्या पांढऱ्या मातीचा, जुन्या लाकडातल्या वाळवीचा, आणि अंगणात वाळत घातलेल्या उडदाच्या शेंगांचा. आजही यांतले दोन एकत्र आले की तिसरा आपोआप येतो.

त्याच सुमाराला हैदराबादहून एक कार्ड आलं. कार्ड उर्दूत होतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळे ते वाचायला कोणाकडं जावं लागलं नाही. अमीनाबींनी लिहवून घेतलेलं ते कार्ड होतं. त्यांचे यजमान मन्सूरभाई आमचे शेजारी. नदीकाठी त्यांची मोसंबीची बाग होती. पोलिस अ‍ॅक्शननंतर काही आठवड्यांत ते कुटुंब हैदराबादला गेलं आणि तिकडचंच झालं. मन्सूरभाई वारले होते. सासूची कबर आमच्या गावात होती. तिच्यावर पाणी येण्याआधी एकदा जाऊन फातेहा पढायचा, म्हणून अमीनाबी दसऱ्याच्या आसपास येणार होत्या.

अण्णांनी कार्ड दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बंदूक नीट कराया पायजे."

ती बंदूक मन्सूरभाईंची होती. एकनळी, ठासणीची, पातळ नळीची, बागेतली पाखरं आणि रानडुकरं हाकलायची. गाव सोडताना ते ती अण्णांकडंच ठेवून गेले. एकच शब्द म्हणाले, अमानत. अण्णांनी पुढं रीतसर परवाना काढला. कागदावर बंदूक अण्णांची झाली. अण्णांच्या हिशेबी ती मन्सूरभाईंचीच राहिली. स्वयंपाकघराच्या भिंतीला, चुलीपासून चार हातांवर, दोन खुंट्यांवर ती आडवी असायची. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली जायची, विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. बंदुकीला फक्त एक झेंडूचं फूल. आईनं एकदा कुंकवाचं बोट पुढं केलं तेव्हा अण्णांनी तिचा हात धरला होता. "दुसऱ्याची वस्तू हाय. आपलं कुंकू तिला कशाला?"

नळीच्या तोंडापासून वीतभर आत एक पोचा होता. बोटाच्या पेराएवढा लांब, मध्ये खोल. बंदूक अण्णांकडं आली तेव्हा तो नव्हता, एवढंच अण्णांनी कधीतरी सांगितलं होतं. कसा पडला, हे ते सांगत नसत. मी तेव्हा औरंगाबादच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि विचारलं की उत्तर मिळतं, अशी माझी समजूत होती. पोचा कशानं पडला? "जुनी हाय." कधी पडला? "लई वर्षं झाली." पोलिस अ‍ॅक्शनच्या वेळी का? यावर ते उठून बैलांकडं जात. गावात त्या दिवसांबद्दल सगळेच कमी बोलत. आधी रझाकारांच्या भीतीनं हिंदू घरं गप्प झाली, नंतर सुडाच्या भीतीनं मुसलमान घरं, आणि मग सगळं गाव त्याविषयी गप्प राहिलं.

आता मात्र अण्णांना एकच काळजी होती. अमानत दिली तशी परत करायची असते. बिघडलेली वस्तू घेऊन ते अमीनाबींपुढं उभे राहू शकत नव्हते. गोधडीत गुंडाळलेली बंदूक आणि खिशात परवाना घेऊन ते एसटीनं औरंगाबादला माझ्या खोलीवर आले, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही त्या बोळात गेलो.

दुकान उस्मानमियाँचं. शहरात जुन्या बंदुका, तलवारी, गुप्त्या दुरुस्त करणारं तेवढंच एक नाव उरलं होतं. पण उस्मानमियाँच्या दोन्ही डोळ्यांवर तोवर पडदा आला होता आणि हाताचं काम त्यांची मुलगी जुबेदा करत होती. तिशी ओलांडलेली, जाड चष्म्याची, ओढणीचं टोक कमरेला खोचलेली बाई. अण्णा मला हळूच म्हणाले, "बाईमाणूस करणार व्हय हे?"

"आँखें गईं मेरी, अण्णा," आतल्या अंधारातून उस्मानमियाँ म्हणाले, "कान नहीं गए. जुबेदा ठोकती, मैं सुनता. बैठो."

अण्णा बसले, पण बंदूक मांडीवरून सोडली नाही. जुबेदानं मागितली नाही. ती आधीच्या गिऱ्हाइकाच्या बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर काम करत राहिली: लाकडावरच्या दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवायचं, वरून कोमट इस्त्री टेकवायची, वाफेनं लाकूड फुगून वर येईपर्यंत थांबायचं. फडकं उचललं की तिथला खड्डा थोडा कमी झालेला असे. असं तिनं चार वेळा केलं. पाचव्या वेळी अण्णांनी गोधडीची गाठ सोडली.

तिनं सगळ्यात आधी गज नळीत सोडला. जिथं अडला तिथं अंगठ्याचं नख धरलं, गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहिला. तो चार बोटं कमी भरला.

"अब्बा, भरी हुई है."

उस्मानमियाँ भिंतीला टेकले होते ते सरळ झाले. "इतने साल भरी बंदूक की पूजा करते रहे, अण्णा?"

"भरून दिली व्हती," अण्णा म्हणाले. "दिली तशी ठिवली."

माझ्या डोळ्यांपुढं चूल आली, फोडणी आली, खुंटीखाली पोळ्या लाटणारी आई आली. मग जुबेदा हसायला लागली, आणि पाठोपाठ उस्मानमियाँ, खोकला येईपर्यंत. अण्णा हसले नाहीत. आपलं काय चुकलं, ते त्यांना खरोखर समजलं नव्हतं.

नळीत पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला पेच लावून जुबेदानं आतला बोळा फिरवून फिरवून बाहेर काढला. तो उर्दू वर्तमानपत्राचा कागद होता, काळा पडलेला, चुरगळलेला. मला त्यात कामापुरता रस होता, पण वाचता येत नव्हतं. अण्णांनी उजेडाकडं धरून एक शब्द लावला. "बारिश," म्हणाले. "पावसाची बातमी असंल." दारू भिजून चिखल झाली होती, ती गटारात गेली. छर्रे मात्र अण्णांनी मागून घेतले आणि कागदात बांधले.

"ये भी अमानत?" जुबेदानं विचारलं.

"व्हय."

तिनं आणखी एक पुडी बांधून दिली, म्हणजे कागद फाटला तरी सांडू नयेत.

पोच्यावरून तिनं अंगठा फिरवला तो डोळे मिटून. "पडून नाय झालं हे," ती मराठीत म्हणाली. "पडल्याचा पोचा एका बाजूनं असतो. याला इकडूनही काठ आहे, तिकडूनही. कशात तरी अडकवून दाबलंय." अण्णा म्हणाले, व्हय. मी लगेच विचारलं, कशात? अण्णा म्हणाले, "तुला पेपरात जायचं न्हवं का? उशीर व्हतोय."

काम सात दिवस चाललं. नळी जौहरदार होती, म्हणजे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, एकजीव केलेली. तेल लावलं की तिच्यावर लाकडाच्या रेषांसारख्या रेषा दिसत. अशा नळीत धोका असा, की ठोका जास्त झाला तर दोन पट्ट्यांमधला सांधा उघडतो. सांधा उघडला की संपलं, पुन्हा जुळत नाही. हे जुबेदानं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. अण्णांनी विचार करायला एक चहा घेतला आणि हो म्हणाले.

तिच्याकडं पितळेच्या गुल्ल्यांचा एक डबा होता. अंगठ्याएवढ्या, गोल, एका टोकाला निमुळत्या, प्रत्येक गुल्ली आधीच्यापेक्षा केसभर जाड. लांब सळईच्या टोकाला एक बसवायची, तिळाचं तेल लावायचं, नळीत पोच्याच्या खाली घट्ट बसेल अशी सरकवायची. मग बाहेरून हलक्या पितळी हातोडीनं ठोकायचं. पोच्यावर नाही. पोच्याच्या काठानं, गोल गोल, बाहेरून आत येत. मी न राहवून विचारलं होतं, थेट मध्यावर का मारत नाही. "उसपे मारे तो फटता," ती म्हणाली. "किनारे किनारे से जाना. वो खुद उठता." काठ सैल झाला की आतली गुल्ली मधल्या भागाला वर ढकलते. त्या गुल्लीचं काम संपलं की केसभर जाडीची पुढची.

उस्मानमियाँ डोळे मिटून बसत. "हाँ… हाँ… हाँ… नक्को, वहाँ नक्को." पोच्याच्या जागी आवाज बसका येतो आणि धातू जसा वर येतो तसा तो खुला होत जातो, असं त्यांचं म्हणणं. मला फरक कळत नसे. अण्णांना तिसऱ्या दिवशी कळायला लागला. ते सकाळी नऊला दुकानात जात आणि संध्याकाळीच परतत. बोळाच्या तोंडाशी झेंडूच्या टोपल्या लागलेल्या असत, कर्णपुऱ्याच्या यात्रेला निघालेल्या बायका बांगड्यांचा भाव करत थांबलेल्या असत, आणि आत हे तिघं एका पेराएवढ्या जागेकडं लक्ष लावून बसलेले. दुपारी जुबेदा डबा उघडे आणि न विचारता अर्धी भाकरी अण्णांपुढं ठेवी. पहिल्या दिवशी अण्णांनी ती घेतली नाही. उपास आहे म्हणाले, आणि तो खराच होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं केळी आणली.

पाचव्या दिवशी हातोडी थांबली. पोच्याच्या डाव्या काठाला एक काळी बारीक रेघ दिसत होती. सांधा उघडला की नुसती जौहराची रेघ आहे, ते साध्या डोळ्यांना कळत नव्हतं. जुबेदानं चष्म्यावर भिंग धरलं. उस्मानमियाँनी नळी मागून घेतली, कानाशी धरली, नखानं वाजवली. अण्णा उठून बोळाच्या तोंडाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या पाठीकडं बघून मला पहिल्यांदा कळलं की गाव पाण्यात जाताना हा माणूस रडला नव्हता, आणि आता कदाचित रडेल. रेघेवर तेल लावून नळी उन्हात ठेवली. सांधा उघडला असता तर तेल आत ओढलं गेलं असतं. घटकाभरानं जुबेदानं पाहिलं. तेल वरच होतं.

"अण्णा," तिनं हाक मारली, "या, बसा. रेघ आहे नुसती."

सप्तमीला संध्याकाळी नळी पुसून त्यांच्या हातात दिली तेव्हा पोचा कुठं होता, हे मला सांगता आलं नसतं. वर्तमानपत्रात चूक दुरुस्त करायची तर खुलासा छापावा लागतो. आधी काय छापलं होतं, त्यात काय चुकलं, बरोबर काय. दुरुस्ती वाचणाऱ्याला चूकही कळते. धातूच्या कामात खुलासा नसतो. काम चांगलं झालं असेल तर पूर्वी तिथं काही होतं, याची खूणच राहत नाही. त्या संध्याकाळी हे मला कौतुकाचं वाटलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अमीनाबी आल्या. बरोबर त्यांची मुलगी शाहीन, शाळेत शिकवणारी, पंचविशीची. सकाळी कबरीवर जाऊन आल्या आणि दुपारी आमच्या घरी. गावातले पाच-सहा जुने लोक भेटायला येऊन बसले होते. घराच्या तुळया उतरल्या होत्या, दारंही निघाली होती. मोठं दार अंगणात विटांवर आडवं टाकलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला. आईनं त्यावर सतरंजी घातली आणि अमीनाबींना तिथं बसवलं. अण्णा बसेनात. अमानत हातात असताना बसायचं नाही, असं त्यांचं चाललं होतं. परवाना नसल्यानं अमीनाबींना बंदूक हैदराबादला नेता येणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ती त्यांच्या हातात पडायला हवी होती.

अण्णांनी गोधडी सोडून बंदूक दोन्ही हातांवर पुढं धरली. वर छर्र्यांची पुडी.

अमीनाबींनी पुडी बाजूला ठेवली. नळी मांडीवर घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग उलटी करून पाहिली. पंचवीस वर्षं हैदराबादला राहूनही त्यांची बोली गावचीच होती.

"अण्णा, ही आमची न्हाय."

"तुमचीच हाय."

"न्हाय. आमच्या बंदुकीला हितं पोचा व्हता." त्यांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. "तुमच्याकडून हरवली असंल तर तसं सांगा. राग न्हाय. पर दुसऱ्याची कशाला देता?"

अण्णांचा चेहरा उतरला. "काढला म्या पोचा. औरंगाबादला नेऊन. दिली तवा न्हवता."

"दिली तवा न्हवता का व्हता, मला काय म्हाईत? त्या दिवसाआदी म्या बंदूक कदी जवळून बगितलीच न्हवती. बगितली ती पोच्यासकट." त्यांनी बंदूक मांडीवरून उचलून दारावर ठेवली. "आमची असंल तर खूण सांगा."

हे त्या खरं म्हणत होत्या की मुद्दाम, याचा अंदाज मला आजही नाही. पण अण्णांपुढं दुसरा मार्ग उरला नाही. एवढ्या वर्षांत जे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी बंदूक ओळखू यावी म्हणून सांगितलं. उभ्यानं, भर दुपारी, पंचांसमोर हजर राहिल्यासारखं.

"दुपार व्हती. तुमी समदे आमच्या घरात. बाहेर माणसं आली. दाराचा अडसर त्या पावसाळ्यात फुगून चिरला व्हता. मन्सूरभाईनं बंदूक माझ्या हातात दिली. म्हणले, चालवा. मला चालवाया येत न्हवती. म्हणून कोयंड्यात घातली. अडसरावानी. बाहेरून ओंडक्यानं हाणत व्हते. कोयंड्याच्या काठानं नळी दबली, पर निघाली न्हाय. तुमी बसलाय, त्येच दार."

"कौन थे बाहर?" शाहीननं विचारलं. थेट विचारलं, मी विचारलं असतं तसंच.

"व्हते," अण्णा म्हणाले. "वळखीचे व्हते."

बसलेल्यांपैकी एक म्हातारा उठला, पायताण शोधून घातलं आणि निघून गेला. तो कोण, हे लिहिण्याचं कारण नाही. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. एवढी वर्षं ते कशासाठी गप्प होते, हे मला तेव्हा कळलं. शेताला शेत लागून होतं, नवीन गावातही लागून असणार होतं.

"आत किती जण व्हतो?" अमीनाबींनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"सात. आमची तिगं, ह्यो तवा पाळण्यात; तुमची चार."

"आठ." त्यांनी शाहीनकडं मान वळवली. "ही तवा कुनाच्या मोजण्यात न्हवती."

शाहीन खाली बघत राहिली. आई घरात निघून गेली. अमीनाबींनी बंदूक पुन्हा मांडीवर ओढली आणि जिथं पोचा होता तिथं तळहात ठेवला.

"पोचा काढून बसलात अण्णा," त्या म्हणाल्या. "आता पोच कशाची देऊ मी?"

अण्णांनी ते शब्दशः घेतलं. थोडा विचार केला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "जुबेदाला इचार बरं, परत पाडता येतो का."

अमीनाबी हसल्या. ओढणी तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शाहीनला आधी समजलं नाही, मग तीही हसली. अण्णा त्या दोघींकडं बघत उभे होते, रिकामे हात पुढं धरलेले, जणू आणखी काहीतरी द्यायचं राहिलं आहे.

"मिळाली," डोळे पुसत अमीनाबी म्हणाल्या. "आमचीच हाय. मिळाली. किती येळ उबे ऱ्हाल? बसा आता."

त्या थोड्या सरकल्या. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दाराच्या दुसऱ्या टोकाला बसले. लाकूड जरा करकरलं. आई चहा घेऊन बाहेर आली.